पंखा मारा, पाव्हणं

आधी बाह्या वर सारा. मोबाईल खिशात ठेवा. त्याला इथं रेंज नाही आणि पुढची पन्नासेक वर्षं येणारही नाही. आता समोर जो लोखंडी दांडा दिसतोय, तो दोन्ही हातांनी धरा आणि फिरवा. फिरवत राहा. दांड्याच्या पलीकडच्या गोल डब्यात पाती घुमायला लागतात, घरघर वाढते आणि कुठल्याशा फटीतून राखेचा एक फुफाटा थेट तुमच्या तोंडावर येतो.

“जोरात मारा पंखा, पाव्हणं! असा मारल्यावर वाशीमला परवा पोचताल!”

हे सांगणारा मोटारीचा किन्नर आहे. म्हणजे क्लीनर. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, कोळशाच्या भुकटीनं इतकं माखलेलं की हसलं तरच तोंड कुठं आहे ते कळावं. पंखा मारणं हे खरं त्याचं काम. पण धुतलेल्या शर्टातला, रिकाम्या हातांचा माणूस मोटारीभोवती कुतूहलानं घुटमळताना दिसला की त्याला कसं कामाला लावायचं, हे त्याला आता पाठ झालंय. तुम्ही ‘हे काय आहे?’ एवढंच विचारलं होतं. त्यानं उत्तर म्हणून दांडा हातात दिला.

तुम्ही हिंगोलीच्या स्टेशनाबाहेर आहात. उन्हाळा १९४३चा. लढाई चालू आहे, पण कुठंतरी लांब. इथं ती कळते बाटल्यांतून. पेट्रोलची बाटली, घासलेटची बाटली, दोन्ही रिकाम्या. ब्रह्मदेशातल्या विहिरींचं तेल वर्षभरापूर्वी बंद झालं आणि जे काही उरलं ते फौजेला आणि रेशनच्या चिठ्ठीला. मोटारीच्या मालकाला महिन्याचं जेवढं पेट्रोल मिळतं, त्यात मोटार फार तर चार-दोन फेऱ्या करील. म्हणून मोटारीच्या पाठीला हा बंब लागलाय.

बंबच म्हणायचं त्याला. आपल्या न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या बंबाचा हा थोरला, दांडगा भाऊ: पुरुषभर उंच, पत्र्याचा, गंजलेला, मोटारीच्या मागच्या बाजूला पट्ट्यांनी आवळलेला. त्यातून निघालेल्या नळ्या मोटारीच्या पोटाखालून वळसे घेत पुढं इंजिनापर्यंत गेल्यात. मूळची मोटार फोर्ड की शेवरलेट, हे तिच्या आईलाही ओळखता येणार नाही. बाजूला ताडपत्रीचे पडदे, आत लाकडी बाकं, टपावर पोती, पेट्या, एक सायकल आणि पाय बांधलेल्या चार कोंबड्या. (ही मोटार मी तुमच्यासाठी कागदावर जुळवलीय. पण असल्या कोळशाच्या मोटारी त्या वर्षांत देशभर खऱ्याखुऱ्या धावत होत्या, आणि युरोपातही. एकट्या स्वीडनमध्ये ७० हजारांच्या आसपास.)

आता दंड भरून आले असतील. थांबू नका. नाकानं मात्र थोडं काम करा. इथं दोन कोळसे एकाच वेळी जळतायत. पलीकडे फलाटाला लागून पूर्णेहून आलेली मीटरगेज गाडी सुस्कारे टाकत उभी आहे. तिच्या दगडी कोळशाचा धूर घशाला गंधकासारखा खवखवतो. तुमच्या मोटारीत लोणारी कोळसा आहे, लाकडाचा, भट्टी लावून पाडलेला. त्याचा वास घरचा वाटतो, चुलीत कणीस भाजल्यासारखा. या दोन वासांच्या मधून येतो तो सरकीचा तेलकट दर्प, रुईच्या गाठींवरच्या गोणपाटाचा, बिडीचा, आणि उन्हात ताटकळलेल्या दीडदोनशे माणसांच्या घामाचा. एवढी माणसं स्टेशनाबाहेर का, असं विचाराल तर, रूळ इथंच संपतात म्हणून. खांडव्याकडे जाणारी लाईन अजून पडायची आहे. ज्याला पुढं वाशीमला, अकोल्याला जायचंय त्याला इथं उतरून बैलगाडी बघावी लागते, नाहीतर ही मोटार.

बंबाच्या आत काय चाललंय ते ऐका, म्हणजे हातांचा विसर पडेल. वरून कोळसा ठासलाय, खाली विस्तव आहे. पोटभर हवा मिळाली तर कोळसा जळून मोकळा होईल आणि आपल्याला मिळेल नुसती ऊब. म्हणून त्याला मुद्दाम अर्धपोटी ठेवायचं. अर्धवट जळालेल्या कोळशातून जो वायू निघतो, तो कार्बन मोनॉक्साइड, स्वतः जळायला टपलेला असतो. तो नळ्यांमधून फिरवत गार करायचा, काथ्यातून आणि फडक्यातून गाळायचा आणि पेट्रोलच्या वाफेऐवजी इंजिनाला पाजायचा. पातळ ताक पाजून पैलवान कुस्तीला उतरवण्यासारखं आहे हे. त्या वायूत निम्म्याहून जास्त तर नायट्रोजन, ज्याचा इंजिनाला काडीचा उपयोग नाही. त्यामुळं इंजिनाची तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद बंबापाशीच गळून जाते. कुठं गळते ते चढावर कळेल.

पोरगं आता बंबाच्या बाजूच्या एका बारक्या तोटीला काडी लावून बघतं. फुस्स. पिवळा धूर. “अजून.” पुन्हा पंखा. पुन्हा काडी. तिसऱ्या वेळी तोटीच्या तोंडावर निळसर, थरथरती जोत उभी राहते, गोकर्णाच्या फुलाएवढी. भर दुपारच्या उन्हात ती नीट दिसतही नाही, पण पोरगं ओरडतं, “आला!” आणि सगळी गर्दी बाकांवर तुटून पडते. पंधरा मिनिटं पंखा तुम्ही मारला, जागा मात्र दुसऱ्यांनी पकडली. असंच असतं.

डायवर पुढून येतो. गळ्यात पंचा, डोळे लाल, कानावर बिडी. पायाशी गवतात गुंडाळून ठेवलेली एक बाटली काढतो, तिच्यातलं पेट्रोल धारेनं, मोजून, औषध पाजल्यासारखं ओततो. किन्नर पुढचं हँडल मारतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हँडल उलट फिरून त्याच्या मनगटाला हिसका देतं आणि तो आईमाईवरून इंजिनाला दोन शब्द ऐकवतो. चौथ्याला इंजिन धरतं. मिनिटभर ते पेट्रोलवर खणखणीत बोलतं. मग डायवर एक कॉक बंद करतो, दुसरा उघडतो. इंजिनाचा आवाज बसतो, घोगरा होतो, अडखळतो, पण चालू राहतो. बाटलीला बूच लागतं. बाटली परत गवतात. ती लक्षात ठेवा.

तुम्हाला जागा मिळते ती शेवटच्या बाकावर, बंबाला पाठ लावून. ती रिकामी का होती ते दोन मिनिटांत समजतं. पाठीमागं कुणीतरी तवा तापत ठेवलाय असं वाटतं. शेजारी एक म्हातारी आहे, नऊवारीचा ओचा गच्च खोवून, मांडीवर नातू आणि हरभऱ्याची पेंडी घेऊन. ती सरकत नाही, पण नातवाचे पाय तुमच्या मांडीवर ठेवते. जागा करून देण्याची ही तिची रीत.

“कुठं जायलाव, लेकरा?”

“वाशीम.”

“पोचू,” ती म्हणते. त्या एका शब्दात तिच्या मागच्या चार-पाच प्रवासांचा सगळा वृत्तांत आहे.

हिंगोली निजामाच्या मुलखात, म्हणून भाडं हाली सिक्क्यात. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. तुमच्या खिशातल्या नोटा दाखवू नका, उगाच पोलीस पाटलापर्यंत जाईल. म्हातारीनं कनवटीच्या गाठीतून तुमचेही पैसे दिलेत. का दिले ते विचारू नका. तिनं तुम्हाला पंखा मारताना पाहिलंय.

मोटार निघते. गाव मागं पडतं आणि पडद्यांतून तापलेला वारा आत शिरतो, सोबत रस्त्याची पांढरी धूळ. डांबर नाही, खडी आणि मुरूम. दोन्ही बाजूंना बाभळी, उभ्या वाळलेल्या पऱ्हाट्या, काळ्या रानाला पडलेल्या भेगा. आज या वाटेनं चारपदरी हायवे गेलाय आणि हिंगोली ते वाशीम तासाभराचं काम आहे. मोटार आत्ता ताशी दहा-बारा मैलांनी चाललीय आणि डायवरच्या चेहऱ्यावर वेगाचा अभिमान आहे.

एक कडब्याची बैलगाडी बराच वेळ पुढं दिसत राहते. तुम्हाला वाटतं, आता ओलांडू. ओलांडतो. थोडा चढ येतो, मोटार कण्हायला लागते आणि तीच बैलगाडी शेजारून, घुंगरं वाजवत, शांतपणे पुढं निघून जाते. गाडीवान मान वळवून डायवरला विचारतो, “दोर टाकू का?” अख्खी मोटार हसते. डायवरही हसतो, पण जरा उशिरानं.

गाडी जवळून जाताना तिच्या आखाचा वास आला का? उग्र, चिकट, किंचित औषधी. एरंडेल. गाडीच्या कण्याला एरंडेलाचं वंगण असतं, चिंध्यांत भिजवून घातलेलं. हसण्यासारखं नाही ते. युरोपात विमानांच्या आणि शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनांना हेच तेल घालत. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरून पडलंय. आता हिशेब करा. बैल खातात कडबा आणि पेंड. पेंड येते घाण्यातून, वंगण येतं घाण्यातून, कडबा शेतातून. त्या गाडीत जे काही जळतंय, ते सगळं पाच कोसांच्या आतलं आहे. ब्रह्मदेशात काय झालं ते तिच्या बैलांना अजून कळलेलं नाही.

माळहिवऱ्याच्या अलीकडं माळ चढायला लागतो आणि मोटार थांबते. थांबते म्हणजे आधी थरथरते, मग उसासा टाकते, मग मागं घसरायला बघते. किन्नर चालत्या मोटारीतून उडी मारून मागच्या चाकाला दगड लावतो.

“उतरा बरं समदे! बायामाणसं, लेकरं बसून ऱ्हाऊ द्या. बाकीचे उतरा!”

उतरा. खाली पाय ठेवताच चपलेच्या तळव्यातून चटका येतो. पुरुषमाणसं मुकाट्यानं मागं गोळा होतात. कुणी कुरकुरत नाही, हा तिकिटातच धरलेला भाग आहे. बंबाला हात लावू नका. बाजूच्या लाकडी चौकटीला खांदा द्या. “होऽ हैय्या!” मोटार दोन हात सरकते. पुन्हा. तुमच्या शेजारी खांदा लावून उभे असलेले गृहस्थ डोक्याला जरीचा फेटा, अंगात कोट असे आहेत. कापसाचे अडते असावेत. पुढच्या सीटचं जास्त भाडं भरूनही ते ढकलतायत. पेट्रोल होतं तेव्हा पुढच्या सीटला मान होता. कोळशानं तेवढी बरोबरी आणलीय.

अर्ध्या चढावर दम घ्यायला सगळे थांबतात. बांधावर मोगली एरंडाचं कुंपण आहे. म्हातारीचा नातू मोटारीतून उतरून तिकडं पळालाय. त्यानं एक फांदी मोडली, देठाच्या तोंडाशी आलेल्या चिकात फुंकर घातली आणि हवेत सप्तरंगी फुगे सोडले. साबणाचे असतात तसेच, पण चिकाचे. तुम्ही ते बघत राहता आणि तुम्हाला एकदम काहीतरी आठवतं. हेच झाड! साठ वर्षांनी हेच झाड सरकारी फायलींत शिरणार आहे. २००२ सालच्या शेवटच्या दिवशी दिल्लीहून अमृतसरला शताब्दी एक्स्प्रेस डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल घालून धावेल. नियोजन आयोग डिझेलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असं तेल मिसळायची स्वप्नं रंगवील. पडीक रानात मोगली एरंड लावा, पाणी नको, गुरं खात नाहीत, बियांतून डिझेल निघेल, असं गावोगाव सांगितलं जाईल. गुरं खात नाहीत हे खरंच होतं, कारण बी विषारी. शाळेतली पोरं ती खाऊन उलट्या करत दवाखान्यात जात. पाणी नको हेही खरं, झाड जगतं. पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी सांगायला नको होतं आणि तरी त्यानं ऐकून घेतलं.

हे सगळं तुमच्या ओठांवर येतं. डायवर सावलीला बसून बिडी ओढतोय. तुम्हाला राहवत नाही. भविष्यातून आलेल्या माणसाला थोडी तरी फुशारकी मारू द्यायला हवी. तुम्ही म्हणता, “मामा, कोळसा कशाला? तेलावर चालवा की मोटार. करडईच्या, भुईमुगाच्या.”

डायवर तुमच्याकडं बघतो, मग अडत्यांकडं, मग परत तुमच्याकडं.

“तेल? घरात फोडणीला तेल न्हाई, दिव्याला घासलेट न्हाई, अन् तुमी मोटारीला तेल पाजा म्हन्ता?”

“करंजाचं, मग. ते कडू असतं, खात नाहीत.”

“ते दिव्यात घालायलोत आता. अन् बैलाच्या खरजेला.”

घासलेट गेल्यापासून कोनाड्यातल्या पणत्या पुन्हा खाली आल्यात आणि त्यांत करंजेल, एरंडेल जळतंय. काळा धूर, कडवट वास, भिंतीला काजळी. मोटारीचा नंबर त्या रांगेत फारच मागं लागतो. शिवाय तुम्ही एक गोष्ट विसरलात, आणि ती या माणसाला न शिकता ठाऊक आहे: ही मोटार पेट्रोलची आहे, ठिणगीवर पेट घेणारी. तिच्यात तेल ओतलं तर ते चकलीचा घाणा बिघडावा तसं चिकटून बसेल. तेल जाळायला डिझेलचं इंजिन लागतं, जे हवा इतकी दाबतं की ती तापून आपोआप भडका उडतो.

तसं तुमचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतो. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं आणि बघणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नव्हता. या मोटारीला तुम्ही ढकलताय त्याच्या पाचच वर्षं आधी बेल्जियममध्ये ब्रसेल्स आणि लूव्हेन या दोन गावांमध्ये एक बस पामतेलावर प्रक्रिया करून केलेल्या इंधनावर धावली. सवारीची बस, आपल्यासारखीच. ढकलावी लागली नाही. प्रक्रिया तरी केवढी? तेल मुळात जाड, थंडीत तर काकवीसारखं. ते इंजिनाच्या बारीक फवाऱ्यातून नीट उडत नाही, अर्धवट जळून आत राळ साचते. जवसाचं तर विचारूच नका, ते नुसत्या हवेनं वाळून रोगणासारखं घट्ट होतं. म्हणून तेलात स्पिरिटाच्या जातीचा मद्यार्क आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घालून कोमट-गरम, साठेक अंशांवर, ढवळत ठेवतात. जाड तेल फुटतं. ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ, मधाच्या रंगाचं बायोडिझेल राहतं. त्याच वर्षांत भारतातही वनस्पती तेलांवर डिझेल इंजिनं चालवून पाहण्याचे प्रयोग झाले. पण माळहिवऱ्याच्या चढावर हे सांगून उपयोग नाही. इथं कॉस्टिक मिळालं तर आधी त्याचा साबण होईल.

“ओ पाव्हणं,” डायवर बिडी विझवत म्हणतो, “बोलण्यावर चालली असती तर पार अकोल्यापस्तोर नेली असती. लावा खांदा.”

माथ्यावर पोचल्यावर बंब साफ करायचा असतो. हे दर काही मैलांनी. किन्नर खालचं झाकण उघडतो, वाकड्या सळईनं आतली राख आणि तिच्यात जमलेले काचेसारखे खंगर ओढतो. लालभडक विस्तव रस्त्यावर सांडतो आणि उन्हातही तोंडाला झळ लागते. मग वरचं झाकण, आणि नवं पोतं. तुम्हीच द्या उचलून. बाभळीचा कोळसा आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर बांगड्यांसारखा किणकिणतो. किणकिणला म्हणजे चांगला भाजलेला, असं पोरगं सांगतं. भुकटी असेल तर वायू अडतो, ओला असेल तर धूर होतो, अर्धकच्चा असेल तर डांबर धरून झडपा चिकटतात. एक गॅलन पेट्रोलचं काम करायला असला सहा-सात किलो कोळसा लागतो आणि एक मण कोळसा पाडायला चार-पाच मण लाकूड. लांब डोंगराच्या कडेला दोन ठिकाणी निळसर धूर वर चढतोय, तिकडं बघा. त्या लोणाऱ्यांच्या भट्ट्या. मातीनं लिंपलेल्या, आठवडाभर आतल्या आत धुमसत ठेवलेल्या. लढाई आणखी रेंगाळली तर त्या धुराखालचा डोंगर उघडा दिसायला लागेल. डायवर तिकडं बघत नाही. तो कपाळाला पंचा घट्ट बांधून बाभळीखाली आडवा झालाय.

त्याचं डोकं रोज दुखतं. उन्हानं, असं तो म्हणतो. उन्हानं नाही. नळ्यांचे सांधे जुने झालेत आणि त्यांतून जे निसटतं त्याला रंग नाही, वास नाही; आपल्याला येतो तो नुसता धुराचा वास. रात्री थंडीत ऊब मिळावी म्हणून पडदे लावून, बंबाशी अंग मुडपून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती यानंच. तुम्हाला हे माहीत आहे. सांगा त्याला. “मामा, झोपताना पडदे उघडे ठेवत जा.” तो डोळे न उघडता म्हणतो, “डास चावतेत.” निदान सांगितलंत.

पुढचा रस्ता उताराचा आहे आणि उतारावर कोळशाची मोटार राजासारखी चालते. म्हातारीनं हरभरा सोलून तुमच्या तळहातावर ठेवलाय. तळहात काळा, हरभरे काळे, तुम्ही तसेच तोंडात टाकता. चव मात्र गोड आहे. नातू तुमच्या मांडीवर झोपलाय आणि त्याच्या उघड्या मुठीतून चिकाचा वास येतोय.

कनेरगाव नाका. नावातच नाका आहे आणि तो इथं खराखुरा आहे: बांबू आडवा, पलीकडं वऱ्हाड, इंग्रजी मुलूख. अलीकडं निजामाचं करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, ठाणं. मोटारीतला सगळा माल खाली. नाकेदार पांढऱ्या स्वच्छ कपड्यात येतो, हातात टोकदार सळई. धान्य आहे का, कापड आहे का, विचारत एकेका पोत्यात सळई खुपसतो. कोळशाच्या पोत्याजवळ आल्यावर क्षणभर थांबतो. त्यात काहीही लपवता येईल हे त्याला कळतं. त्यात हात घातला तर कपड्याचं काय होईल हेही कळतं. तो सळई घालतो, जोरात. पोत्याच्या उसवलेल्या शिवणीतून काळा ढग बाहेर पडतो. किन्नर दुसरीकडं तोंड करून उभा राहतो, खांदे हलतायत त्याचे.

नाक्यावर चहाचं छप्पर आहे आणि भज्यांची कढई. तेल तळाशी, इतकं थोडं की भजी अर्धीच बुडतात. तुम्हाला आठवतं, तुमच्या काळात हॉटेलातलं असलं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करतात. तुम्ही विचारून बघता, उरलेल्या तेलाचं काय करता? बाई कळत नसल्यासारखी बघते. “उरलेलं म्हंजे?”

तिथंच पैसे बदलून मिळतात. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार यावेत असा साधारण भाव, वरून दलाली. म्हातारी तीनदा मोजते. तुम्ही रांजणावर हात धुता. काळं पाणी ओघळतं, तळहाताच्या रेषा तशाच राहतात, छापल्यासारख्या.

पैनगंगा मागं पडते. ऊन कलतं. बोलणी थांबतात, माना डोलायला लागतात, इंजिन एका सुरात घोगरं गातं आणि पाठीमागचा बंब आता सुखद वाटायला लागलाय, थंडीच्या दिवसांत चुलीपुढं बसावं तसा. तुमच्या कानात अजून पंख्याची घरघर आहे. उद्या दंड उचलणार नाहीत.

तिन्हीसांजेला वाशीमचा पहिला दिवा दिसतो. एकच. घासलेट तिकडंही नाही. आणि इथं, गाव फर्लांगभर राहिलं असताना, डायवर मोटार उभी करतो. काही बिघडलेलं नाही. किन्नर खाली उतरून पुढची काच पुसतो, बॉनेट पुसतो, स्वतःचं तोंड पुसायचा प्रयत्न करतो. अडते फेटा नीट करतात. म्हातारी पदर सारखा करते आणि नातवाला उठवते. सगळ्यांना काहीतरी माहीत आहे जे तुम्हाला माहीत नाही.

डायवर गवतातून ती बाटली काढतो.

हँडल. पहिल्याच झटक्याला इंजिन धरतं आणि खणखणीत, भरल्या पोटानं बोलायला लागतं. मोटार सुटते. दिवसभरात पहिल्यांदा वारा तोंडावर आपटतो, पडदे फडफडतात, डायवर भोंगा दाबतो तो दाबूनच ठेवतो. रस्त्यावरच्या कोंबड्या उधळतात, टपावरच्या ओरडतात, पोरं आरडत मागं धावतात आणि पडतात मागं. “आता कशी मोटार वाटायली!” म्हातारी तुमच्या कानाशी ओरडते. तुम्ही हसताय. काळ्या हातांनी पुढचं बाक धरून, दात काढून हसताय. खांदे दुखायचे थांबलेत. आणखी थोडं, असं तुम्हालाही वाटतंय.

अड्ड्यावर पोचता पोचता इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं. माणसं उतरतात. पोरगं बाटली उलटी करून धरतं. शेवटचा थेंब बोटावर घेतं, बोट नाकाशी नेतं आणि डोळे मिटून हुंगतं.